शर्टांमधला माणूस

ताई, नमस्कार.

छापलंत तर नाव टाकू नका. मी धानोरीला राहते. माझे मिस्टर फौजेत हवालदार होते. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये गेले. युनिटमध्येच. सकाळची पीटी करून आले, खुर्चीत बसले, चहाचा मग हातात होता म्हणे. हार्ट अटॅक. वय बेचाळीस. मग क्वार्टर सोडून आम्ही या सोसायटीत आलो, मी, मुलगी आणि सासूबाई.

आमच्या तळमजल्यावर एक मावशी राहतात, साताऱ्याकडच्या. साड्यांना फॉल-पिको करून देतात. मुलीने मला न सांगता यांचे कपडे त्यांना नेऊन दिले आणि चार महिन्यांनी, दिवाळी झाल्यावर, मावशी गोधडी घेऊन दारात उभ्या. त्या तिला वाकळ म्हणतात. यांचे सहा शर्ट, दोन लुंग्या, जुनी वर्दी, सगळं तीत आलंय. टाका न् टाका मोजून घातल्यासारखा. (फक्त एका चौकटीच्या शर्टाचं बटण जाड हिरव्या दोऱ्याने तसंच लोंबतं राहिलंय, ते कसं सुटलं त्यांच्या नजरेतून कोण जाणे.) नावाची पट्टी आणि बिल्ले उसवून वेगळ्या कापडी पिशवीत दिले. मी बघितलं, 'ठेवा तिथे' म्हणाले आणि आत निघून गेले. चहासुद्धा विचारला नाही. दीड महिना झाला. जिन्यात त्यांचा आवाज आला की मी लिफ्टने जाते. मुलीने पैशांचं विचारलं तर त्यांनी कानाला हात लावले.

खरं कारण सांगते. २६ जानेवारीला सोसायटीत माझा सत्कार केला होता. निवेदकाने माईकवरून 'शहीद जवानाच्या पत्नी' असं म्हटलं. मी काही बोलले नाही. मावशी पहिल्याच रांगेत होत्या, डोळे पुसत होत्या. त्यांना वाटतंय हे सीमेवर गेले. ती गोधडी बघितली की वाटतं, ही मी फसवून घेतली.

सासूबाई म्हणतात, गेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवू नयेत. दीर म्हणतात, वर्दी कापणं हा गुन्हा आहे. काय म्हणून आणि कोणत्या तोंडाने आभार मानू?

(आणि त्यांनी कपडे धुतले हो. निळ्या शर्टाला यांचा वास होता. मी तो पिशवीत बांधून ठेवला होता. हे कुणालाच सांगितलेलं नाही.)

एक वाचक, धानोरी

तुमचं पत्र वाचून संपलं आणि मी मागे फिरून त्या बटणापाशी आले. तुम्ही ते कंसात टाकलंय, पाहुण्यांसमोर भिंतीवरचा ओलीचा डाग झाकावा तसं. मला ती चूक वाटत नाही.

साड्यांना फॉल लावणारी बाई कशी असते ते तुम्हाला ठाऊक आहे. काठाच्या रंगाशी दोरा जुळवायला चार रिळं दारात नेऊन उजेडात धरून बघणारी. टाका उजव्या बाजूने दिसला तर मुकाट्याने उसवून पुन्हा घालणारी. अशा बाईच्या नजरेतून लोंबतं बटण सुटत नसतं. शर्ट कापताना, तुकडा अस्तरावर टाचताना आणि वरून धावदोरा नेताना, निदान तीनदा ते तिच्या बोटांना लागलं असणार. काढून टाकायला कात्रीचं एक टोक पुरे होतं. तिने ते ठेवलं. का ठेवलं, याचा माझा अंदाज सांगते. फौजी माणसाच्या सामानात सुईदोरा असतोच, आपलं बटण त्याला आपणच लावायचं असतं, आणि फॉलइनला, म्हणजे हजेरीच्या रांगेत, तुटकं बटण घेऊन उभं राहायची सोय नसते. तोच वर्दीचा हिरवा दोरा त्याने कधीतरी घरच्या चौकटीच्या शर्टाला वापरला असेल. चार वेढे, वर गाठ, गाठीवर आणखी एक गाठ. शिवणाऱ्या माणसाला दुसऱ्याचा हात लगेच कळतो. मावशींनी तुमच्या मिस्टरांना कधी पाहिलं नाही, त्यांचा फोटो पाहिला असेल तर तो हार घातलेला. पण त्यांच्या हाताचे टाके तिने ओळखले, आणि त्यांच्यावर आपला टाका घातला नाही.

तुम्ही विचारता, कोणत्या तोंडाने आभार मानू. मला सांगा, त्या गोधडीवर कुठे 'शहीद' हा शब्द भरलाय का? तिरंग्याची नक्षी, बंदूक, अमर जवान असं काही काढलंय का? तुम्ही लिहिलंय त्यावरून तर बिल्ले आणि नावाची पट्टीसुद्धा तिने उसवून बाजूला ठेवली. उरलं काय? सहा शर्ट आणि दोन लुंग्या. लुंगी नेसून गॅलरीत पेपर वाचणाऱ्या माणसाची गोधडी आहे ती. वर्दी आहे, पण आठ-नऊ कपड्यांतला एक कपडा म्हणून. फसवून मिळालेली वस्तू अशी दिसत नाही हो.

आता त्या २६ जानेवारीचं. सत्कार म्हणजे काय असतो ते आपण सगळ्यांनीच पाहिलंय. खांद्यावर शाल पडते, हातात नारळ येतो, त्यावर गुच्छ, गुच्छावर ते स्मृतिचिन्ह, आणि फोटोवाला म्हणतो इकडे बघा. त्या अर्ध्या मिनिटात माणूस नारळ सांभाळत असतो. तेवढ्यात निवेदकाच्या हातून माईक घेऊन 'थांबा, ते शहीद नव्हते' असं सांगणारी बाई मी तरी अजून पाहिली नाही. निवेदकांचं एक दुखणं आहे, त्यांच्या जिभेवर फौजेसाठी एकच शब्द असतो. प्रत्यक्षात सैन्यदलाच्या दप्तरात तो शब्दच नाही. सरकारने मागेच स्पष्ट केलंय की 'शहीद' अशी अधिकृत संज्ञा सैन्यात वापरली जात नाही, आणि २०२२ च्या फेब्रुवारीत लष्करानेही आपल्या सगळ्या कमांडना हा शब्द टाळायला कळवलं होतं. तिथे असतं ते बॅटल कॅज्युअल्टी, म्हणजे लढाईतला बळी, आणि फिजिकल कॅज्युअल्टी, म्हणजे इतर कारणाने गेलेला. पेन्शनमध्येही ऑर्डिनरी, स्पेशल आणि लिबरलाइज्ड असे तीन कप्पे. हे तुम्हाला मी सांगायला नको, तुम्ही ते फॉर्म भरलेत, 'स्पर्श' या फौजी पेन्शनच्या पोर्टलवर हयातीचा दाखला दरवर्षी देता. कप्पे करायला सरकारकडे कारण आहे, पैशाचा हिशोब असतो. पण सरकारचा तो कप्पा तुम्ही घरी आणलात आणि आपल्या नवऱ्याला त्यात ठेवलंत, तिथे माझी तक्रार आहे. पंचवीसएक वर्षांची नोकरी, बर्फ, वाळवंट, रजा मिळेल न मिळेल याची वाट, आणि शेवटी पीटी करून आल्यावर हातातला मग. 'फक्त हार्ट अटॅकने' असं तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, पण ते 'फक्त' मला ऐकू आलं.

पुणं हे शहर फौजेला नवखं नाही. दक्षिण कमांडचं मुख्यालय इथे, खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, वानवडीला एएफएमसी हे फौजेचं वैद्यकीय कॉलेज, खडकीला सॅपर्स, म्हणजे फौजेचे इंजिनिअर. २०२५ ची आर्मी डे परेड खडकीलाच झाली, गर्दी करून पाहिली लोकांनी. घोरपडीचं युद्ध स्मारक तर नागरिकांच्या वर्गणीतून उभं राहिलंय, त्याचं पुणेकरांना कौतुकही आहे आणि ते ऐकवायलाही ते विसरत नाहीत. पण एवढं असून आम्हाला फौज दिसते ती परेडमध्ये आणि दगडावरच्या नावांत. ज्यांची नावं त्या दगडावर येत नाहीत त्यांचं काय करायचं, हे आम्हाला कुणी शिकवलेलं नाही. मग आम्ही एकच मोठा शब्द सगळ्यांना लावून मोकळे होतो. तुमच्या मावशी साताऱ्याकडच्या म्हणता. त्या जिल्ह्यात अपशिंगे नावाचं गाव आहे, लोक त्याला 'अपशिंगे मिलिटरी'च म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण गेले, त्यांचा दगड गावात आहे. मावशी कुठल्या गावच्या ते मला ठाऊक नाही. पण त्या मुलखातल्या बाईला फौजी माणूस फक्त गोळीनेच जातो असं वाटत असेल, यावर माझा विश्वास बसत नाही. त्यांनी रजेवरून परतताना गेलेले पाहिले असतील, गाडी उलटून गेलेले पाहिले असतील, रिटायर होऊन वर्षभरात गेलेले पाहिले असतील.

तरीही मावशींना खरं सांगा. पाप धुवायला म्हणून सांगू नका. न सांगता राहिलात तर जिन्यात भेटताना दर वेळी तुम्हाला शहीदाची पत्नी व्हावं लागेल, आणि ते काम फार थकवणारं आहे. दीड महिना तुम्ही लिफ्टने जाताय, ते त्यासाठीच.

कसं सांगायचं ते खाली लिहिते. त्याआधी पैशांचं उरकून घेऊ.

पाकीट देऊ नका. साडी आणि खण घेऊन जाऊ नका. कॅन्टीनच्या सामानाची पिशवी तर मुळीच नको. आपल्याकडे शेजारचा डबा रिकामा परत करायचा नाही अशी रीत आहे, चांगली रीत आहे, पण तिचा एक तोटा आहे. डबा आला रे आला की आपले डोळे घरात काय शिल्लक आहे ते शोधायला लागतात. माझे वडील गेले तेव्हा वरच्या मजल्यावरच्या काकू तेरा दिवस मऊ भात आणि मेतकूट पाठवत होत्या. चौदाव्या दिवशी मी त्यांचे सगळे डबे घासून, प्रत्येकात पेढे भरून, एकदम नेऊन दिले. मला वाटलं, किती नीट वागले मी. काकूंनी डबे घेतले, हसल्याही. पुष्कळ वर्षांनी एकदा बोलता बोलता म्हणाल्या, "तेव्हा फार घाईने हिशोब मिटवलास गं." मला आजही पेढ्याचा डबा दिसला की ते आठवतं.

एक सांगून ठेवते, हे तुमच्या मावशींपुरतं आहे. ज्या बाया गोधड्या शिवून पोट भरतात त्यांच्याकडून कुणी 'आठवण म्हणून' करून घेणार असेल तर दाम मोजून द्यावा, घासाघीस न करता. हाताने शिवलेल्या डबल गोधडीला आठवडेच्या आठवडे लागतात, मान आणि डोळे जातात. भावनेची गोष्ट आहे म्हणून फुकट करून मागणारे महाभाग मला माहीत आहेत. तुमच्या मुलीने विचारलं, तिने बरोबर केलं. मावशींनी कानाला हात लावले, विषय संपला.

मग द्यायचं काय? चार महिने ती बाई एका माणसाचे कपडे मांडीवर घेऊन बसली होती. कॉलर कुठे जास्त झिजली ते तिला माहीत आहे. तो डाव्या खिशात पेन ठेवायचा की उजव्या, हे शाईच्या डागावरून तिला कळलं असेल. बाही वर दुमडायचा की नाही, पोट सुटलं होतं की नाही, सगळं तिच्या हाताखालून गेलंय. फक्त माणूस तिला माहीत नाही. तो तुमच्याकडे आहे. तो तिला सांगा.

एखाद्या दुपारी तिला वर बोलवा. मुलगी घरात असेल अशी वेळ बघा. त्या दिवशीचा राहिलेला चहा आधी टाका. मग गोधडी पलंगावर पसरा आणि एका कोपऱ्यापासून सुरू करा. हा शर्ट कुठे घेतला, तुळशीबागेत की पठाणकोटच्या बाजारात. हा कुणाच्या लग्नात घातला आणि त्यावर पंगतीत कढी कुणी सांडली. ही लुंगी कुठल्या पोस्टिंगवरून आणली आणि ती नेसून खाली दूध आणायला जाऊ नका म्हणून तुम्ही किती वेळा भांडलात. आठवत नसेल तिथे 'हा काही आठवत नाही बाई' म्हणा आणि पुढे चला. सगळे तुकडे एका दुपारी संपवायची गरज नाही, वर्दीचा तुकडा मात्र चुकवू नका. तिथे आलात की सांगा: "हे सीमेवर नाही गेले मावशी. युनिटमध्ये, पीटी करून आल्यावर, खुर्चीत बसल्या बसल्या गेले. त्या दिवशी स्टेजवर मला बोलता आलं नाही." एवढंच. त्यापुढे सफाई देऊ नका. निवेदकाला नावं ठेवू नका. चहा गार झाला असेल तर गरम करायला उठा, तेवढा वेळ त्यांनाही लागेल.

आणि त्यांना एक प्रश्न विचारा, तुम्हाला हे करावंसं का वाटलं. चार महिने कुणी उगाच शिवत बसत नाही. मला वाटतं त्यांच्याकडेही सांगण्यासारखा कुणीतरी आहे. नसला तर नसला. पण विचारलंत आणि त्या बोलायला लागल्या, तर त्या दिवशी आभाराचा शब्द उच्चारायला तुम्ही कदाचित विसराल. विसरलात तरी चालेल, त्याचा राग धरणाऱ्यातली बाई वाटत नाही ती.

आता दुसरा कंस. तो तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी लिहिलाय, अक्षर बदललंय तिथे. दीड महिना तुमच्या तोंडून आभार फुटत नाहीत त्याचं अर्धं कारण हा वास आहे, असं मला वाटतं. तुम्हाला मावशींचा राग आलाय आणि ज्या बाईने एवढं केलं तिचा राग येतो याची लाज वाटतेय. दोन्ही एका वेळी वाटू शकतं. उपकार आणि नुकसान एकाच पिशवीतून घरी आलं तर दुसरं काय होणार?

मावशींची बाजू सांगायला हवी. न धुतलेल्या कापडावर शिवणारा माणूस सुई लावत नाही. सुती कापड आधी धुतलं नाही तर पुढे धुतल्यावर आकसू शकतं, शेजारचं टेरीकॉट आकसत नाही, आणि सगळी गोधडी वेडीवाकडी ओढली जाते. त्यांनी जे केलं ते नीट शिवायचं म्हणून केलं. मुलीला तर पिशवीत काय बांधलंय हे कधी कुणी सांगितलंच नव्हतं. तेव्हा हा राग कुणावर काढायचा, तर कुणावरच नाही. असा राग फार दिवस राहतो.

मावशींना हे सांगू नका. आज तर नाहीच. त्यांना ते धुणं परत उलटं करता येणार नाही आणि पुढच्या प्रत्येक कपड्याला हात लावताना ते आठवेल. मुलीला सांगा, पण 'तू घालवलंस' असं तिच्या कानावर पडणार नाही अशा बेताने. मी तर म्हणेन सांगूच नका, विचारा. "निळ्या शर्टाला वास कसा यायचा गं पप्पांच्या?" बुटाचं पॉलिश, पितळी बकलाला लावायचं ते ब्रासो, दाढीचा साबण, रेल्वेच्या प्रवासाचा लोखंडी वास, ती काहीतरी म्हणेल. कदाचित तुम्हाला माहीत नसलेलं काहीतरी म्हणेल. ती पोरगीही ते कपाट उघडत नव्हती कशावरून? आईला न विचारता बापाचे कपडे उचलून तळमजल्यावर नेणाऱ्या मुलीने ते आधी नाकाला लावले नसतील?

आणि ट्रंक बघा. युनिटमधून त्यांची काळी ट्रंक आली असेल, वर पांढऱ्या रंगाने नंबर, रँक, नाव घातलेली. बहुतेक घरांत ती माळ्यावर जाते आणि तिथेच राहते. सुती शर्टापेक्षा लोकर आणि चामडं वास जास्त धरून ठेवतं. मफलर, हातमोजे, बेरेच्या, म्हणजे फौजी टोपीच्या, आतली पट्टी, बेल्ट. काही सापडलं तर धुऊ नका, झटकूही नका, हवाबंद डब्यात ठेवा आणि मुलीला दाखवून ठेवा की हे असं का ठेवलंय.

दिरांचं थोडक्यात. सैनिक नसताना सैनिक आहोत असं भासवायला वर्दी घालणं हा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेच्या १६८ व्या कलमात तो आहे. गेलेल्या नवऱ्याच्या जुन्या वर्दीचा तुकडा गोधडीत घालून तुम्ही कुणाला सैनिक भासवताय? कापायचा-शिवायचा नसतो तो राष्ट्रध्वज. ध्वजसंहितेत तसं स्पष्ट आहे, आणि तुमच्या मावशींनी तर बिल्ल्यांनासुद्धा कात्री लावली नाही. दिरांना हवं तर हेही सांगा की त्या वर्दीचा छाप आता जुना झाला. नवा डिजिटल छापाचा वेष १५ जानेवारी २०२२ ला पहिल्यांदा दिसला, तुमचे मिस्टर त्याच्या चार महिने आधी गेले. त्यांनी जो अंगावर घातला तो हाच.

सासूबाईंशी मात्र वाद घालू नका. गेलेल्या माणसाचे कपडे ठेवू नयेत म्हणणाऱ्या याच पिढीने पणजीच्या लुगड्याचं दुपटं करून त्यात बाळं गुंडाळली, तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. त्यामुळे हे शास्त्र वगैरे नसणार. त्या आई आहेत. तुमचा निदान एकदा चुकीच्या शब्दाने का होईना सत्कार झाला, त्यांचा तर कुणी तोही केला नाही. त्यांना ती गोधडी बघवत नसेल. घडी करून त्यांच्या नजरेआड ठेवा काही दिवस. मावशी येतील त्या दुपारी सासूबाईंना बोलावू नका, पण दार उघडं ठेवा. शर्टांच्या गोष्टी चालल्या असतील तर त्या आतून ऐकतील, आणि एखादी गोष्ट तुम्ही चुकीची सांगितलीत तर दुरुस्त करायला बाहेर येतील. माझ्या पाहण्यातल्या सगळ्या सासवा आल्या असत्या.

गोधडी कपाटात पुजून ठेवू नका, वापरा. डिसेंबर आहे, पुण्यात पहाटे पारा दहाच्या खाली जातो, आणि ती पांघरायला केलेली वस्तू आहे. मशीनमध्ये टाकू नका, सुती आणि टेरीकॉट एकत्र आहे. वर्षातून एकदा गार पाण्यात, रिठ्याच्या फेसात, हाताने. पिळू नका, सावलीत आडवी वाळवा. दोरीवर टांगलीत तर ओल्या वजनाने टाके ताणतील. पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नका, जुन्या सुती साडीत गुंडाळा, सुकलेला कडुलिंब ठेवा, आणि घडी दर वेळी एकाच रेषेवर घालू नका.

ते बटण आहे तसंच राहू द्या. पांघरताना कधीतरी ते तुटून हातात येईल. आलं तर मावशींकडे नेऊ नका. ट्रंक उघडाल तेव्हा सुईदोऱ्याची छोटी पिशवी शोधा, त्यात हिरवं रीळ असेल. ते बाहेर काढून हाताशी ठेवा.